एकसरचे वीरगळ: बोरिवलीतले दगडी आरमार

मेट्रोच्या २अ मार्गिकेवर ‘एकसर’ नावाचे स्थानक झाले असले, तरी ज्या वीरगळांमुळे (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांमुळे) हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत पोहोचले, ते पाहायला बोरिवलीकरही सहसा फिरकत नाहीत. लढाईत कामी आलेल्या वीराला देवपण देणाऱ्या लोकपरंपरेतून वीरगळ घडले. घाटावर ते गावोगावी देवळाबाहेर दिसतात. परंतु ते बहुधा कमरेएवढे, आणि त्यांवर गाई सोडवताना पडलेला एखादा गडी असतो. एकसरच्या शिळा मात्र चांगल्याच थोराड, त्यांतल्या मोठ्या तर सुमारे १० फूट उंचीच्या आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये येथल्या ६ शिळांचे सविस्तर वर्णन आहे.

वीरगळ खालून वर पाहत जावा: तळाशी लढाई, मग वीरमरण, त्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि माथ्याशी शिवलिंगाची पूजा. हा क्रम ठाऊक नसेल, तर सगळी नुसती माणसांची दाटी वाटते. खरी वाट वाकडी करावी ती जहाजांसाठी. उंच नाळेची गलबते, त्यांच्या डोलकाठ्या आणि खाली एका ओळीत तिरकी पडलेली वल्ही, हे सारे मूर्तिकाराने इतक्या नेमकेपणाने कोरले आहे की त्याने बंदर जवळून पाहिले असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

ही लढाई कोणती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी शिळा अकराव्या शतकातल्या मानल्या. पुष्कळांच्या मते मात्र येथे १२६५ च्या सुमाराची यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांची झुंज आहे. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्रातला वडवानल (समुद्राच्या पोटातला अग्नी) पत्करला, म्हणजे तो बुडून मेला, असे हेमाद्री (हेमाडपंत) लिहितो. अर्थात तो यादवांच्या पदरी होता, हेही लक्षात ठेवावे.

उणिवा आहेतच. कोरीवकाम बरेच झिजले आहे, आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघड्यावरचा दगड याहून निराळा राहणार नाही. संग्रहालयासारखी मांडणी कोणी अपेक्षू नये. घरून थोडे वाचून जावे, नाहीतर पाच मिनिटांत पाय परतीला लागतील. लहान मुलांना जहाजे मोजायला लावली, तर ती रमतात.

जवळच मंडपेश्वर लेणी आहेत आणि दोन्ही ठिकाणे एका सकाळीत होतात. आधी वीरगळ पाहावेत, कारण झिजलेली वल्ही तिरप्या उन्हातच उठून दिसतात; लेण्यांना चढते ऊनही चालते.