कोटेलजवळ उभं राहायची पावती: 65,000 रुपये

2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण जेरुसलेमला जाणार होतो. आमच्या मुलाचा बार मित्सवा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मविधी, कोटेलपाशी, म्हणजे ज्यूंच्या त्या पवित्र पश्चिमेच्या भिंतीपाशी करायचा होता. आम्ही गेलो नाही. 4,85,000 रुपये मात्र गेले. ते कसे गेले हे मी तारखांसकट लिहिते आहे, कारण पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला होता, "ताई, तुम्हाला एकदाही शंका आली नाही?" शंका यायला पाहिजेत अशा जागा चार होत्या. प्रत्येक वेळी आम्ही त्या माणसाचं बोलणं खरं धरलं, कारण त्यातलं निम्मं बोलणं खरंच असायचं.

आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळचे कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढला, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेलेत, मागे थोडी घरं राहिलीत. त्यामुळे कुणी "तुमच्या अमक्या मावशींकडे मी येतो" म्हणालं की आम्ही त्याला चौकशी न करताच आत घेतो. त्या माणसाला हे नीट ठाऊक होतं.

मे महिन्यात एका नातेवाइकांकडे मलिदा होता. मलिद्याचं ताट म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची प्रार्थना. तिथं तो आला होता. आमच्यातला नव्हता, पण ओळखीतला. एका चुलत सासऱ्यांची इस्रायलची तिकिटं त्यानं आदल्या वर्षी काढून दिली होती आणि ती खरी निघाली होती. डोक्यावर टोपी घालून तो शांत बसला, प्रसादाचं पान दोन्ही हातांनी घेतलं. निघताना माझ्या सासूबाईंच्या पाया पडला. मुलाचं तेरावं वर्ष आहे हे त्याला तिथंच कळलं. "वहिनी, मग कोटेललाच करा ना, पोराला जन्मभर आठवण राहील," हे त्याचंच वाक्य.

मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो मित्सवांना, म्हणजे धर्माच्या आज्ञांना, स्वतः बांधील होतो. तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळच्या चामडी पेट्या, हाताला आणि कपाळाला बांधतो, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला उभा राहतो. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या मिन्यानमध्ये त्याची गणती होते. आमच्यासारख्या लहान समाजात या शेवटच्या गोष्टीला फार अर्थ आहे. कधी कधी दहावा माणूस मिळावा म्हणून फोन करावे लागतात.

त्यानं माणशी 1,38,000 रुपये सांगितले. सहा जणांचे 8,28,000. जूनमध्ये आगाऊ म्हणून माणशी 30,000, म्हणजे 1,80,000 रुपये दिले. पहिली शंकेची जागा इथं होती. तो म्हणाला, "कंपनीच्या खात्यात भरलेत तर परदेशी सहलीवर 5 टक्के टीसीएस कापावा लागतो. 41,000 रुपये उगाच अडकतील. माझ्या खात्यात टाका, वाचतील." हे अर्धं खरं होतं. ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे ग्राहकाच्या नावानं आधीच घेतला जाणारा आयकर, गोळा करणं सहल कंपनीला बंधनकारक आहे आणि तेव्हा तो 5 टक्केच होता. दर पुढे बदलले. पण हा कर बुडत नाही. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. जो माणूस टीसीएस नको म्हणतो, त्याला व्यवहाराची नोंदच नको असते. माझे यजमान हिशेबाच्या कामात आहेत. त्यांनाही तेव्हा 41,000 वाचल्याचाच आनंद झाला होता. हे लिहिताना त्यांनी मला सांगितलं, हे वाक्य गाळू नकोस.

ऑगस्टमध्ये त्यानं विमानाचा पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, पाठवला. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घातला तर सहाही नावं दिसली. सासूबाईंचं नावसुद्धा, पासपोर्टवर आहे तसं. आम्ही त्या पानाचा फोटो काढून इस्रायलमधल्या लोदला आक्कांना, म्हणजे माझ्या नणंदेला पाठवला. त्यांचं घर तेल अवीवच्या विमानतळापासून जवळच. त्या तिथं स्वयंपाकाची यादी करायला लागल्या. त्याच आठवड्यात आम्ही हॉटेल आणि व्हिसासाठी 2,40,000 रुपये भरले आणि सहा पासपोर्ट त्याच्या हातात दिले. त्यातले दोन लाख सासूबाईंची मुदत ठेव मोडून आले होते.

मला आता कळलंय ते असं. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे न भरता काही काळ जागा धरून ठेवता येते, तेवढ्यानंही पीएनआर मिळतो आणि नावं दिसतात. मुदत संपली की सगळं आपोआप रद्द. तिकीट निघालं असेल तर प्रत्येक माणसाच्या नावापुढे तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. आमच्या कागदावर तो नव्हता. हॉटेलचंही तसंच. रद्द केलं तर पैसे कापले जात नाहीत अशी खोली धरायची, पुष्टीचा कागद ग्राहकाला पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी रद्द करायची. कागद खरा असतो, खोली नसते. हॉटेलला आपणच एक फोन किंवा ईमेल केला तर दोन मिनिटांत कळतं. आम्ही केला तो ऑक्टोबरमध्ये.

व्हिसाचं विचारलं की म्हणायचा, "कॉन्सुलेटमध्ये फाइल आहे, सणांमुळे उशीर होतोय." हेही पटण्यासारखं, कारण त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटापासून आमचे सण ओळीनं होते. अर्ज खरोखर भरला असेल तर त्याची पोचपावती आणि क्रमांक असतो. तो मागायचं आम्हाला सुचलं नाही.

या सगळ्या काळात मुलगा रोज संध्याकाळी हजानकडे, म्हणजे प्रार्थना म्हणवणाऱ्यांकडे, शिकायला जात होता. त्याच्या वाट्याला लेख लेखाचा पाराशा, म्हणजे तोरातला त्या आठवड्याचा भाग, आला होता. देव अब्राहामाला म्हणतो, आपला देश, आपलं गणगोत, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशाला जा. सेफर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात, चालही लिहिलेली नसते, सगळं पाठ करावं लागतं. स्वयंपाकघरात माझ्या मागे उभा राहून तो म्हणायचा आणि चुकला की पहिल्यापासून सुरू करायचा. समारंभाचा दिवस ठरला होता सोमवार, 31 ऑक्टोबर. शब्बाथशिवाय, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाशिवाय, तोरा वाचतात ती सोमवारी आणि गुरुवारी, म्हणूनच कोटेलला बार मित्सवाची गर्दी याच दोन दिवशी असते. शब्बाथला तिथं फोटो काढू देत नाहीत, हेही एक कारण.

30 सप्टेंबर, शुक्रवार. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, होऊन तीन दिवस झाले होते, डब्यात चिकाचा हलवा अजून होता. दुपारी दीडला फोन आला. "वहिनी, कोटेलची जागा निश्चित करायची आहे. जागा, सेफर तोरा, रब्बी, सगळं मिळून 65,000. जेरुसलेमचं ऑफिस शब्बाथच्या आधी बंद होतं, तासाभरात भरा, नाहीतर सोमवार हातचा जाईल." शुक्रवारी दुपारनंतर तिथली कामं थांबतात हे आम्हाला लहानपणापासून माहीत. घाईचं कारण आमच्याच धर्मातलं होतं, म्हणून ती घाई खरी वाटली. मी बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवले. खातं या वेळी तिसऱ्याच नावाचं होतं. ही शेवटची शंकेची जागा, आणि ती माझी एकटीची.

रविवारी, 2 ऑक्टोबरला त्यानं पावती आणि नवा कार्यक्रम पाठवला. पावतीवर दावीदाचा तारा, भिंतीचं चित्र आणि खाली हिब्रू मजकूर. मी ती मुलाला दाखवली, त्याला आनंद व्हावा म्हणून. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आई, हे उलटं लिहिलंय." हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. पावतीवर प्रत्येक शब्दातली अक्षरं उलट्या क्रमानं आली होती, कुठून तरी उचलून चिकटवताना होतात तशी. मला वाटलं छपाईची चूक असेल. मग त्यानं कार्यक्रमाचा कागद घेतला. "आणि मंगळवार कसा? मंगळवारी सेफर तोरा कुठं काढतात?"

कागदावर समारंभ 1 नोव्हेंबर, मंगळवारी होता. परतीचं विमान शनिवारी, 5 तारखेला, आणि तेही एल आलचं, इस्रायलची जी कंपनी शब्बाथला विमानं उडवतच नाही. मधल्या दिवसांत बेथलेहेम, नाझरेथ आणि यार्देन नदीवरचा बाप्तिस्म्याचा घाट. मुंबईहून ख्रिस्ती यात्रेकरूंच्या सहली जातात, त्यांतल्याच कुठल्यातरी सहलीचा कार्यक्रम त्यानं उचलून वर आमचं नाव घातलं होतं. मी आक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, त्या मंगळवारी तर आमच्याकडे मतदान आहे, सगळ्या देशाला सुट्टी." मग थोडं थांबून विचारलं, "आणि 65,000 कसले? कोटेलला उभं राहायला कोण पैसे घेतं?"

हे प्रत्येक घरानं लक्षात ठेवावं म्हणून स्पष्ट लिहिते. कोटेलला जायला, प्रार्थना करायला, तोरा वाचायला पैसे लागत नाहीत. तिथली व्यवस्था पाहणारी संस्था बार मित्सवाची नोंदणी विनामूल्य करून घेते आणि सेफर तोराही तिथंच मिळतो. ढोल आणि शोफार हे शिंग वाजवत मिरवणूक, वाटाड्या, फोटोग्राफर, जेवण हे सगळं खासगी लोक पैसे घेऊन करतात आणि त्यात काही गैर नाही, पण ती हौस. जागेची पावती असं काही अस्तित्वातच नाही. मला हे एका फोनवर कळलं असतं. फोन मी दोन दिवस उशिरा केला.

त्या माणसाचा फोन रविवारी संध्याकाळी लागला. "चुकून दुसरी फाइल गेली वहिनी, उद्या दुरुस्त करून पाठवतो." सोमवारी सकाळी फोन बंद. त्याच सकाळी आम्ही 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. शुक्रवारी गेलेल्या 65,000 पैकी 40,000 त्या तिसऱ्या खात्यात अजून शिल्लक होते, ते बँकेनं गोठवले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशानं आम्हाला परत मिळाले. फक्त तेवढेच. जून आणि ऑगस्टची रक्कम कधीच काढून घेतली गेली होती. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, असं आम्हाला तिथं सांगितलं. लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस घरात चर्चा करतात. आमची तर रविवारची रात्रच त्यात गेली.

व्हिसाचा अर्ज कुठेच नव्हता. पासपोर्ट त्याच्या भाड्याच्या गाळ्यातल्या कपाटात सापडले, आमच्यासोबत आणखी दोन कुटुंबांचे. पोलिसांकडून ते हातात यायला तीन आठवडे लागले. पोलीस ठाण्यात तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 420 आणि 406, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघाताच्या, कलमांखाली गुन्हा नोंदला आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही दावा केला आहे. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तिथं दाव्याला शुल्क लागत नाही आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. तारखा पडत आहेत.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो समाजात बोलण्याचा. ज्यांच्याकडे मलिदा होता त्या मावशी रडल्या, जणू त्यांनीच काही केलं. काही जणांनी सांगितलं, गप्प बसा, मुलाच्या मंगल कामाला गालबोट नको. मी गप्प बसले नाही. योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात उभं राहून मी त्याची पद्धत सगळ्यांना सांगितली. आणखी एका घरानं डिसेंबरसाठी त्याला पैसे देऊ केले होते, ते त्यांनी दिले नाहीत. एवढं समाधान मला आहे.

बार मित्सवा सोमवारी, 31 ऑक्टोबरलाच झाला. ठाण्याच्या शआर हशमाईममध्ये, 1879 सालच्या त्या सिनेगॉगमध्ये, जिथं त्याच्या पणजोबांनीही प्रार्थना केली होती. सकाळी मिन्यान जमलं, कामावर जाणारी माणसं डबे घेऊन आली होती. मुलानं लेख लेखा एकदाही न अडखळता वाचला. वडिलांनी मुलाच्या जबाबदारीतून मोकळं झाल्याचा आशीर्वाद म्हणायचा असतो, तो म्हणताना यजमानांचा आवाज फुटला.

सासूबाईंनी कोटेलच्या फटीत ठेवायला एक चिठ्ठी लिहून ठेवली होती, मराठीत, देवनागरीत. जुलैपासून ती त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होती. तिचा फोटो त्यांनी आक्कांना पाठवू दिला नाही, आत काय आहे ते कुणी वाचायचं नव्हतं. शेवटी जानेवारीत लोदहून एक नातेवाईक आल्या, त्यांच्याबरोबर घडी घातलेली चिठ्ठी पाठवली. आक्का एका गुरुवारी जेरुसलेमला गेल्या, बायकांच्या बाजूला उभ्या राहिल्या, चिठ्ठी ठेवली आणि तिथूनच फोन केला. सासूबाईंनी पहिलं विचारलं, "आत सोडलं ना गं तुला? काही मागितलं नाही ना?"

"नाही आई," आक्का म्हणाल्या. "कुणी काही विचारलंसुद्धा नाही."