सांत्वनपत्राचे तयार मजकूर: कराडमधील एका डीटीपी केंद्राचा अनुभव

निवृत्त शिक्षकांच्या आमच्या मंडळाचा चिटणीस या नात्याने वर्षातून आठ-दहा वेळा तरी सांत्वनपत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर येते आणि गेली तीन वर्षे हे काम मी कराडच्या बाजारपेठेतील एका लहानशा डीटीपी केंद्राकडून करून घेत आहे. लग्नपत्रिकांचे नमुने आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्स यांच्या गर्दीत तिथे ‘दुखवटा’ असे लिहिलेली एक जाड फाइल असते. रक्षाविसर्जनाच्या निरोपापासून तेराव्यानंतरच्या ऋणनिर्देशापर्यंत चौदा तयार मजकूर तिच्यात प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवले आहेत. गिऱ्हाइकाने त्यांतला एक निवडायचा, नावे सांगायची आणि अर्ध्या तासात छापील पत्र घेऊन जायचे, अशी सोय आहे.

नावामागे लावायच्या शब्दांबाबत हे केंद्र दाखवते तेवढी काळजी मी इतरत्र क्वचितच पाहिली. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी हे विसरून तो शब्द सरसकट सर्वांना लावण्याची सवय आपल्याकडे आहे. येथे मात्र वारकरी घरासाठी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, लिंगायत कुटुंबासाठी ‘लिंगैक्य’, बौद्ध कुटुंबासाठी ‘कालकथित’ आणि मुस्लिम कुटुंबासाठी ‘पैगंबरवासी’ हे पर्याय फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहेत. बौद्ध कुटुंबाच्या मजकुरात ‘दशक्रिया’ऐवजी ‘पुण्यानुमोदन’ हा शब्दही आठवणीने घातलेला आहे. दुःखात असलेल्या घराला परके शब्द चिकटवले की सांत्वन राहते बाजूला आणि सलच उरतो.

मजकुरांची भाषा मात्र निराश करते. चौदांपैकी दहा मजकूर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ने सुरू होतात. श्रद्धांजली गेलेल्याला वाहायची असते. पत्र पडते ते मागे राहिलेल्याच्या हातात. ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ हे वाक्य देवाला उद्देशून आहे, ‘क्रूर काळाने घाला घातला’ हे काळाविषयी आहे आणि ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ बहुधा समाजात निर्माण झालेली असते. ज्या बाईंच्या नावाने पाकीट जाणार, त्यांच्याशी यांतले एकही वाक्य बोलत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर ते खपून जाते, पण दुपारी घर रिकामे झाल्यावर एकटीने वाचायच्या पत्रात खपत नाही. त्या मानाने ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण निदान ‘आपल्या’ म्हणून ते समोरच्याकडे पाहते. (समाचाराला जाणारी माणसे तरी काय मोठे बोलतात? ‘केव्हा झालं? काही त्रास होता का?’ एवढे विचारून ती गप्प बसतात, पण तेवढ्याने घरचे माणूस बोलायला लागते.) तार करायची तेव्हा शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून हात आपोआप आखडत असे, २०१३ साली तारसेवाच बंद झाली आणि छापील मजकुराला अशी कोणतीही मोजदाद नसते.

असे असूनही मी तिथेच जातो, ते संगणकावर बसणाऱ्या ताईंमुळे. गेल्या श्रावणात आमचे एक ज्येष्ठ सहकारी वारले, तेव्हा घाईघाईत मी सहाव्या क्रमांकाचा मजकूर निवडला. टंकता टंकता त्या थांबल्या.

“सर, वय काय होतं?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“मग ‘अकाली’ काढते. आजारी होते का?”

“दोन वर्षं अंथरुणावर होते.”

“मग ‘अल्पशा आजाराने’ही नको. काकूंनी दोन वर्षं उशापायथ्याला बसून काढलीत.”

एवढे बोलून त्यांनी मधली चार वाक्ये उडवली आणि तिथे मोकळी जागा सोडून सरांच्या शाळेतली एखादी गोष्ट सांगायला मला सांगितले. गणिताचा तास संपल्यावर पुढच्या शिक्षकासाठी फळा स्वतः पुसून मगच वर्गाबाहेर पडणारे सर, एवढेच मला त्या क्षणी आठवले. तेच वाक्य पत्रात गेले आणि त्याखाली त्यांनी घातले: ‘काकू, आपण त्यांचे फार केलेत.’ मंडळाच्या लेटरहेडवर ‘काकू’ शोभेल का, अशी शंका मी काढली. त्यांनी उत्तर दिले नाही, मीही ती पुढे रेटली नाही.

त्या नसताना गेल्यास काय होते, याचाही अनुभव मी घेतला आहे. पत्नी गेलेल्या एका सभासदाला आमच्या मंडळाकडून ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाची वार्ता’ असे छापलेले पत्र गेले, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर तसाच राहून गेला होता. न वाचता सही मीच केली होती, त्यामुळे सगळा दोष केंद्राचा म्हणता येणार नाही. केंद्राने दुसरे पत्र विनामूल्य छापून दिले, पण मला त्यांच्या घरी जाऊन मान खाली घालून बसावे लागले.

समई आणि कमळ असलेली व्हॉट्सॲपची चित्रेही येथे करून मिळतात. ती सर्वत्र मिळतात तशीच आहेत. पत्राचे पाकिटासह साठ रुपये होतात. कागदाला काळी चौकट हवी का, असे विचारतात. मी ती घेत नाही. ताई दुपारी एकपर्यंतच असतात.