लेसरपुढे लावायचा फायबर आयसोलेटर: १५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी

इंदूरमधील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या प्रकाशीय चिपवर काम चालते. लेसर आणि चिप यांच्यामध्ये लावण्यासाठी ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) राखणाऱ्या फायबरचा हा आयसोलेटर, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, मागवला आणि तो अपेक्षेला उतरला. चिपच्या कडेवरून परतणारा प्रकाश लेसरमध्ये शिरला की त्याची तीव्रता आणि वारंवारिता दोन्ही डळमळू लागतात; आयसोलेटर लावल्यापासून तो त्रास जवळजवळ थांबला.

करंगळीएवढ्या या नळीत दोन ध्रुवकांच्या (ठरावीक दिशेने कंपणाराच प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांच्या) मध्ये, चुंबकाने वेढलेला गार्नेटचा स्फटिक असतो. तो प्रकाशाची ध्रुवणदिशा ४५ अंशांनी फिरवतो, आणि परतीचा प्रकाशही त्याच अंगाने आणखी ४५ अंश फिरत असल्यामुळे पहिल्या ध्रुवकाशी काटकोनात येऊन अडतो. चुंबकामुळे ध्रुवणदिशा फिरण्याच्या, फॅरेडेने १८४५ मध्ये शोधलेल्या या परिणामावर आजही सगळा डोलारा उभा आहे.

माहितीपत्रकात किमान ३० डेसिबल अवरोध लिहिला आहे, म्हणजे उलट दिशेने फार तर हजारावा भाग पार होतो. आमच्या मोजणीत हा दावा खरा ठरला. मात्र स्फटिकाचे हे फिरवणे तापमानानुसार बदलते, आणि मे महिन्यात वातानुकूलन बंद पडले त्या दुपारी आकडा स्पष्टपणे घसरला. इंदूरचा उन्हाळा पाहता, परवडत असल्यास दोन टप्प्यांचा (एकापाठोपाठ दोन आयसोलेटर असलेला) नमुना घ्यावा. विक्रेत्याची सेवा मात्र बेताचीच: फायबरचे टोक ८ अंश तिरके घासलेली, हिरवी जोडणी मागितली असताना सरळ टोकाची, निळी आली, जिच्यावरून प्रकाश जास्त परततो. परतीचा प्रकाश टाळण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला अशी जोडणी असणे अगदीच विसंगत होते. ती बदलून मिळाली, पण बऱ्याच पाठपुराव्यानंतर.

चिप नखाएवढी असताना टेबलावर ही नळी कशाला, आयसोलेटर चिपवरच का नाही, असे विद्यार्थी विचारतात. गार्नेटच्या स्फटिकजालाचे (अणूंच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडणीचे) माप सिलिकॉनच्या दुपटीहून अधिक असल्याने तो त्यावर नीट वाढत नाही; वेगळा तयार करून चिकटवावा लागतो. चुंबकाशिवायचा मार्ग म्हणजे तरंगवाहकाचे (चिपवरील प्रकाशवाटेचे) गुणधर्म कालानुसार बदलत ठेवणे, पण त्यासाठी सतत विद्युतसंकेत पुरवावा लागतो. केवळ असममित आकाराचा तरंगवाहक कोरून प्रकाश एकाच दिशेने जातो, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये: चुंबक नाही, कालानुसार बदल नाही आणि अरेषीयताही (प्रकाशाच्या तीव्रतेनुसार गुणधर्म बदलणे) नाही, अशी रचना परतीच्या सर्व प्रकाशरूपांना (वाटेतून प्रकाश जाण्याच्या वेगवेगळ्या आकृतिबंधांना) अडवूच शकत नाही.

मागणी नोंदवताना अवरोधाचा कमाल आकडा पाहून भुलू नये. संपूर्ण तापमानकक्षेतील किमान आकडा लेखी मागावा.