वायरीची गाठ हाताला लागली तिथेच थांबायला हवं होतं: पोर्टेबल पेलेट ग्रिल आणि माझे ८६३ डॉलर

आधी आकडे सांगतो, लोक पहिल्यांदा तेच विचारतात. लाकडी गोळ्यांवर (पेलेटवर) चालणाऱ्या ग्रिलचे २८५ डॉलर. त्याच्याबरोबर गळ्यात मारलेल्या बॅटरीच्या खोक्याचे १४५. कव्हर आणि 'एक वर्षाची गॅरंटी' मिळून ४०. हात भाजल्यावर अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या दवाखान्यात, मोजलेले ३१८. कॅम्पग्राउंडचं लाकडी टेबल करपलं, त्याचे ७५. एकूण ८६३ डॉलर. त्यातला एक सेंटही परत आलेला नाही.

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. वीस वर्षं यंत्रांबरोबर काम करतो, दुसऱ्यांच्या मशिनवर 'ठीक आहे' म्हणून सही करतो, आणि स्वतःच्या पोराशेजारी जे पेटवलं त्याची वायर मी धड तपासली नाही. पण गप्प बसलो तर ते विकणारा माणूस पुढचा नग आणखी कुणाच्या घरात पोचवेल.

व्यवहार कसा झाला हे लांबवत नाही, असले प्रकार तुम्हाला माहीत आहेत. इथे अमेरिकेत आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, त्यात जाहिरात आली: गोदामातला माल, फक्त खोका उघडलेला, वापर शून्य. दुकानात ४२९ डॉलरला मिळणारं छोटं पेलेट ग्रिल २८५ला. "दादा, आपल्या माणसाला मी जास्त लावणार का?" पैसे फोनवरून थेट पाठवायला सांगितले, तेही 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडून, म्हणजे फी वाचते. माल एका पार्किंग लॉटमध्ये ताब्यात दिला.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समोर असताना कसा फसलास? खोका उघडलेला माल तीस-पस्तीस टक्के स्वस्त मिळणं इथे रोजचं आहे. त्या गटात आमचे डॉक्टर आहेत, मराठी शाळेतले पालक आहेत. त्याच्याकडून दोघांनी आधी सामान घेतलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. पेलेट ग्रिल हे यंत्रही काही काल-परवाचं नाही, १९८०च्या दशकात ओरेगनमध्ये सुरू झालेलं आहे. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या पेटीत, भरायच्या, ऑगर नावाचा स्क्रू त्या थोड्या थोड्या ढकलत खालच्या फायरपॉटमध्ये, म्हणजे जळणाच्या भांड्यात, नेतो, इग्नायटर पेटवतो, पंखा हवा देतो. मला वाटलं, यात बिघडण्यासारखं आहे काय?

आता त्या वायरीबद्दल.

त्याने गाडीची डिकी उघडली. ग्रिल पुसून लखलखीत केलेलं. मी मागे हात घालून वायर ओढून बघितली. ग्रिलच्या अंगापासून चार बोटांवर वायरीला जाड गाठ लागली. त्यावर काळी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी, चढवलेली होती. स्लीव्हच्या अलीकडचा तुकडा मळकट, पलीकडची वायर नवी, तिचा काळा रंगही थोडा वेगळा. मी विचारलं. हे मुद्दाम सांगतो, मला दिसलं नाही असं झालेलं नाही. मला दिसलं, हाताला लागलं आणि मी तोंडाने विचारलं. तो म्हणाला, "दादा, कंपनीची वायर आखूड येते, कॅम्पिंगला पुरत नाही. तुमच्यासाठी मी लांब करून आणलीय."

आणि मला बरं वाटलं. माझ्यासाठी त्याने जादा खटपट केली असं वाटून मी त्याला थँक्यू म्हणालो. ते थँक्यू आठवलं की आजही झोप उडते.

कंपनी एखादी वस्तू आगीच्या धोक्यामुळे रिकॉल करते, म्हणजे बाजारातून परत मागवते, तेव्हा पुष्कळदा वस्तू परत पाठवायला सांगत नाही. सांगते की वायर कापा, कापलेल्या वायरीचा फोटो पाठवा, पैसे घ्या आणि वस्तू टाकून द्या. वायर कापणं म्हणजे ते यंत्र पुन्हा कुणी वापरू नये याची तजवीज. माझ्या ग्रिलची वायर कुणीतरी असाच फोटो काढायला कापली होती. त्या पहिल्या मालकाने कंपनीकडून पैसे घेतले, ग्रिल कचऱ्यात गेलं, तिथून ते या दादा-दादा करणाऱ्याच्या हाती लागलं आणि त्याने दोन टोकं जोडून मला २८५ डॉलरला विकलं. रिकॉल झालेली वस्तू विकणं २००८ सालच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा सुधारणा कायद्याने बेकायदेशीर आहे, जुनी असली तरी. हे मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं, कारण इंटरनेटवर मॉडेल नंबर टाकून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण टाकणार कुठला नंबर? मागच्या पत्र्यावरचा सीरियल नंबर घासून काढलेला होता आणि मॉडेलवर 'तपासणी झाली' असं स्टिकर. मागचा पत्रा घासलेला दिसला तर वस्तूला हातही लावू नका, दुकानदार सख्खा भाऊ असला तरी.

घरी आल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. बरोबर दिलेलं माहितीपुस्तक दुसऱ्याच मॉडेलचं होतं, चित्रातलं झाकण वेगळ्या बाजूला उघडत होतं. आणि हॉपरच्या तळाशी, गोळ्या जिथून ऑगरमध्ये उतरतात तिथला रंग फुगून काळा पडलेला. मी फोन केला तर म्हणाला, "कारखान्यात प्रत्येक नग पेटवून तपासतात दादा." मी मान्य केलं. यंत्रांवर पोट भरणाऱ्या माणसाने विचार करायला हवा होता की आग फायरपॉटमध्ये असते, हॉपरच्या घशात तिचं काय काम? तिथे काळं दिसतं म्हणजे आग कधीतरी ऑगरच्या नळीतून उलटी वर चढलेली आहे. पंखा बंद पडला, वीज गेली किंवा फायरपॉट राखेने भरला की हे होतं. याला बर्नबॅक म्हणतात आणि नेमक्या याच कारणासाठी तो माल परत मागवला होता.

पहिल्या दोन वेळा घरामागे, भिंतीपासून लांब, घरच्या विजेवर लावलं. चाललं. ग्रिल कुठलंही असो, घरापासून निदान १० फूट दूर ठेवायचं असतं, एवढं मी पाळत होतो.

तिसऱ्या वेळी कॅम्पवर गेलो. आता त्या १४५ डॉलरच्या बॅटरीबद्दल. इग्नायटरला सुरुवातीची काही मिनिटं दोनशे-तीनशे वॅट लागतात, नंतर पंखा आणि ऑगर थोडक्यात भागवतात. त्या खोक्यावर ३०० वॅट लिहिलेलं होतं, आत तेवढा दम नव्हता. ग्रिल कसंबसं पेटलं, तापमान २२५ फॅरनहाइटला लावलं आणि अर्ध्या तासाने पंख्याचा आवाज बसत गेला. आग विझली. मला कळलं नाही, कारण ऑगर फिरतच होता. आतला सेन्सर 'गार पडतंय' सांगतो, कंट्रोलरला वाटतं जळण कमी पडलं, तो आणखी गोळ्या ढकलतो. विझलेल्या फायरपॉटवर गोळ्यांचा ढीग चढत राहतो. त्यात त्याने फुकट दिलेल्या गोळ्या सादळलेल्या होत्या. चांगली गोळी बोटांनी मोडली तर कट् आवाज करून तुटते आणि वरून चकाकते. माझ्या बोटात भुसा होत होता.

मी त्याला फोन लावला. उचलला, तेव्हा अजून उचलत होता. म्हणाला, "बंद करून परत चालू करा दादा, होतं असं." बॅटरीला गाडीतून चार्ज दिला आणि केलं. आग मध्येच विझली असेल तर ग्रिल गार होऊ द्या, जाळी काढा, फायरपॉट हाताने रिकामा करा आणि मगच पेटवा. कुठल्याही खऱ्या माहितीपुस्तकात हे असतं. माझ्याकडचं पुस्तक खोटं होतं.

आधी दाट पांढरा धूर, मग पिवळसर. हा धूर म्हणजे न जळलेला वायू कोंडलेला असतो. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा धूर का येतोय?" आणि मी बघायला झाकण चार इंच उचललं. हवा आत गेली आणि भप्पकन सगळं एकदम पेटलं. झाकण माझ्या हातातून उडालं. उजव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी भाजली. मुलगा दोन पावलं मागे उभा होता. दोन पावलं. तो पुढे असता तर मी इथे डॉलर मोजत बसलो नसतो. असा धूर दिसला तर झाकणाला हात लावू नका, वीज तोडता येत असेल तर तोडा आणि सगळ्यांना लांब न्या.

मग हॉपरमधून धूर यायला लागला. बायकोने गाडीतलं फायर एक्स्टिंग्विशर आणलं म्हणून टेबलावरच निभावलं. तिने ते विकत घेतलं तेव्हा मी 'कशाला उगाच' म्हणालो होतो.

आता मदतीचं.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. तुमच्या नकळत गेले असते तर कायद्याचं संरक्षण होतं, स्वतः बटण दाबलं तर नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर वाद घालायला बिल पाठवल्यापासून ६० दिवस मिळाले असते. फीचे काही डॉलर वाचवायला मी ते संरक्षण सोडलं. 'मित्र-नातेवाईक' म्हणून पैसे मागणारा विक्रेता तिथेच सोडा, त्याला काय बोलायचं तेही बोलू नका.

पोलिस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मी कायद्याचं कलम दाखवलं. काउंटरवरच्या माणसाने ते वाचलंही नाही, फॉर्म पुढे सरकवला. दिवाणी म्हणजे स्मॉल क्लेम्स कोर्ट, छोट्या रकमांच्या दाव्यांचं. तिथे दाव्याला समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे त्याचा फोन नंबर आणि पार्किंग लॉटचं नाव एवढंच. नंबरवरून पत्ता काढून द्या म्हटलं तर म्हणाले, ते आमचं काम नाही. मग कुणाचं? मी, ज्याचा हात बँडेजमध्ये आहे, त्याचं?

ग्राहक-वस्तूंच्या सुरक्षेचं सरकारी खातं आहे, तिथे ऑनलाइन तक्रार केली. सात पानं भरली, अकरा फोटो चढवले, वायरीच्या गाठीचेच चार. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की तक्रार कंपनीला कळवली आहे आणि खातं वैयक्तिक भरपाई मिळवून देत नाही. भरपाई मी मागितलीच नव्हती! मी लिहिलं होतं की हा माणूस असे आणखी नग विकतोय, त्याला थांबवा. त्या ओळीला उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच मजकूर आला, शब्दही तेच. मालाची यादी करून ठेवायची, वायर कापा सांगायचं आणि कापलेली वायर कुणी जोडून विकतोय सांगितलं की हात वर करायचे. मग त्या कापण्याला अर्थ काय राहिला?

कंपनीने निदान माणसासारखं बोलून घेतलं. पण पैसे नाहीत. फोटो बघून बाईंनी सांगितलं, हा आमचाच परत मागवलेला नमुना आहे, पण सीरियल नंबरशिवाय दावा घेता येत नाही आणि वायर आधीच कापली गेली असेल तर या नगाचे पैसे पहिल्या मालकाला मिळालेले असणार.

सगळ्यात जास्त लागलं ते आपल्याच लोकांचं. गटाच्या अ‍ॅडमिनला मी सगळं पाठवलं, हाताचे फोटोसुद्धा. ते म्हणाले, "दादा, गटात कुणाची बदनामी नको. तुम्ही दोघं आपसात मिटवा." माझा मेसेज काढून टाकला.

आणखी काही गोष्टी राहिल्या, त्यानेच सांगितलेल्या आणि सगळ्या घातक. "वापर झाल्यावर सरळ प्लग काढा." काढू नका. बंद करायचं बटण दाबल्यावर पंखा काही मिनिटं फिरून उरलेल्या गोळ्या जाळून संपवतो, तो थांबेपर्यंत वीज हवी. "वीस मिनिटांत डिकीत ठेवता येतं." नाही. राखेतले निखारे तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतात. राख पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा, कागदी पिशवीत कधीच नाही. "पाऊस आला तर तंबूच्या छपराखाली घ्या, पेलेटचा धूर स्वच्छ असतो." हे ऐकून तर आता अंगावर काटा येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तंबूत, गॅरेजमध्ये, कॅम्परमध्ये कुठलंही ग्रिल पेटवू नका. चरबी साठून भडकली तर पाणी ओतू नका, झाकण बंद करा आणि वीज तोडा. घर गरम करायच्या शेगडीच्या गोळ्या स्वयंपाकाला वापरू नका, पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. यूएल किंवा ईटीएलचं, म्हणजे वस्तूंची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थांचं, चिन्ह नुसतं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, त्याखालचा नंबर त्या संस्थेच्या यादीत शोधा. पेलेटवर चालणाऱ्या स्वयंपाकाच्या उपकरणांसाठी यूएल २७२८ हे मानक आहे, विक्रेत्याला तो आकडा विचारा आणि तो काय उत्तर देतो ते ऐका.

ग्रिल अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे, पुरावा म्हणून. वायर मी पुन्हा कापली, या वेळी अगदी अंगालगत, जोडायला चार बोटंही उरू नयेत अशी.

परवा त्याच गटात नवी जाहिरात आली, हे मला एका मित्राने दाखवलं. तेच मॉडेल, २४० डॉलर, "आपल्या माणसांसाठी". पाच फोटो आहेत. एकाही फोटोत मागची बाजू नाही.