अस्थी कुठे न्यायच्या: उज्जैन, खेडीघाट की नाशिक?

तिसऱ्या दिवशी रामबागेच्या मुक्तिधामात अस्थी सावडल्या, कलश हातात आला, की इंदूरच्या मराठी घरात हा वाद निघतोच. काका म्हणतात उज्जैन, आत्याला नर्मदाच हवी, पुण्याचा चुलतभाऊ फोनवरून नाशिक लावून धरतो. आमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत तिन्हीकडे जाऊन झालंय.

उज्जैन पंचावन्न किलोमीटर. सकाळी निघालं की सिद्धवटावर पिंडदान उरकून दुपारी घरी. पण तिथे जायचं खरं कारण म्हणजे वही, ज्यात पंडे, म्हणजे तीर्थावरचे उपाध्ये, यजमान घराण्यांची वंशावळ लिहून ठेवतात. पंड्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत. बापामागे मुलगा बसतो आणि भावाभावांत वाटण्या झाल्या की यजमानही वाटले जातात. ते आधी मूळ गाव विचारतात. मी ‘इंदूर’ म्हणालो तर पंडाजींनी मान हलवली, “उसके पहले?” वाई म्हटल्यावर कापडात गुंडाळलेली लांबट वही निघाली. पणजोबांच्या नावाखाली आजोबांची सही होती, ‘ळ’चं शेपूट लांब ओढलेली, दुकानाच्या पावत्यांवर असायची तशीच. त्याखाली वडिलांचं नाव आणि तिथी मी लिहिली. पेन नीट उठेना, दोनदा गिरवावं लागलं.

घाटावर पाय ठेवताच “आपके पंडे हम ही हैं” म्हणणारे मात्र चार जण भेटतात. आधी वहीत नाव दाखवायला सांगा. एकदा आम्ही भलत्याच घराण्याची वंशावळ हात जोडून ऐकली आणि दक्षिणा दिल्यावर शहाणे झालो. रक्कमही बसण्याआधीच ठरवून घ्या, त्यात संकोच नको.

पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात उज्जैनची नदी क्षिप्रा केविलवाणी असायची. २०१४ पासून जोडयोजनेतून नर्मदेचं पाणी तिच्यात सोडतात. आत्याची समजूत घालायला हा मुद्दा कामी येतो.

खेडीघाट आणि ओंकारेश्वर, दोन्ही नर्मदेवर. पाणी खरं इथलं. पात्र रुंद, नावाडी मधोमध नेतो, गर्दी उज्जैनपेक्षा कमी. मराठी माणसाला ओढ वाटावी असं आणखी एक म्हणजे पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला याच नदीकाठी, रावेरखेडीला वारले. समाधी तिथेच आहे. अडचण रस्त्याची. भेरूघाटात ट्रक अडकला की दोन तासांचे चार होतात. ओंकारेश्वरला वर धरण आहे, पाणी सोडलं की पायऱ्यांवर भराभर चढतं, तेव्हा म्हाताऱ्यांना खालच्या पायरीवर बसवू नका.

नाशिक चारशे किलोमीटर, सेंधवा-धुळे-मालेगाव करत आख्खा दिवस जातो. रामकुंडावरच्या उपाध्यांकडे नामावळी असते, जुन्या नोंदी मोडीत. तुमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरचे लोक तिथे जात असतील, किंवा निम्मे नातेवाईक मुंबई-पुण्याला असतील, तर जाण्यात अर्थ आहे. विधी मराठी घरांच्या सवयीचे, गुरुजींशी हिंदीत बोलावं लागत नाही. नुसतं ‘आपलं तीर्थ’ म्हणून सत्तरीच्या आईला एवढा प्रवास घडवणं मला पटत नाही. २०२७ ला नाशिकचा आणि २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ, त्या दिवसांत सरळ नर्मदा गाठावी.

माझं मत विचाराल तर उज्जैनच. तीन पिढ्या इंदूरात काढल्यावर आपली नोंद इथल्या वहीत असावी. पोरांनाही पुढे इथूनच जायचंय.

निघताना मूळ गाव, गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या. घरातल्या बायकांची नावं मुद्दाम सांगा, कुणी आपणहून विचारत नाही. आमच्या वहीत आजीच्या जागी नुसतं ‘पत्नी’ होतं. पंडाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, समासात जागा शोधली आणि बारीक अक्षरात तिचं नाव घातलं.