लहान मीलनपेटीत राणी सोडताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळा सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत मी नाशिक जिल्ह्यात मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाश्यांच्या नव्या राण्या थर्माकोलच्या लहान मीलनपेट्यांमधून (नवी राणी नरांशी मीलन करून अंडी घालू लागेपर्यंत जिच्यात राहते ती छोटी पेटी) फलित करून घेतल्या. अपिडिया या स्विस पेटीच्या धर्तीवरची ही पेटी आहे : आत तीन छोट्या चौकटी, मागे खाद्याचा कप्पा, दाराला सरकती पट्टी आणि माश्यांना न छेडता आत पाहता यावे म्हणून पारदर्शक झाकण. मोठ्या चौकटींचे न्यूक्लिअस, म्हणजे मोजक्या चौकटींची छोटी वसाहत, करायचे तर प्रत्येक राणीमागे अंडी-अळ्यांच्या दोन-तीन भरल्या चौकटी मोडाव्या लागतात. येथे पाव लिटरच्या भांड्यात मावतील एवढ्या माश्या पुरतात. ही बचत खरी आहे, मात्र एवढ्या थोड्या माश्यांच्या वसाहतीत चुकीला जागा राहत नाही.

माश्या भरताना वयाकडे पाहावे. उघड्या अळ्या असलेल्या चौकटीवरच्या तरुण माश्या पाण्याचा हलका फवारा मारून झटकून घ्याव्यात. वयस्क माश्या घेतल्या तर त्या मूळ पेटीकडे परततात आणि नव्या राणीला स्वीकारतानाही अधिक कुरकुर करतात. त्या चौकटीवर जुनी राणी नाही, याची खात्री आधीच करावी. भरलेली पेटी दार बंद करून, हवेची जाळी मोकळी ठेवून, थंड व अंधाऱ्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवावी आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर जागेवर नेऊन उघडावी. या मुक्कामात माश्या पोळे बांधू लागतात, एकमेकींचा गंध घेतात आणि त्यांना राणीची उणीव जाणवू लागते.

राणी कोणत्या अवस्थेत द्यावी, यावर माझे मत आता पक्के झाले आहे : पक्व राणीघर, म्हणजे राणी आत वाढून बाहेर पडण्याच्या बेतात असलेले मेणाचे घर, द्यावे. राणी अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर पडते. एक दिवसाच्या आतली अळी उचलून वाढवली असेल, तर त्यानंतर दहाव्या दिवशी राणीघर मीलनपेटीत लावता येते आणि एक-दोन दिवसांत राणी माश्यांच्या देखतच जन्मते. राणीघर उभेच धरावे, त्याला धक्का किंवा गारठा लागू देऊ नये. दोन दिवसांनी रिकामे घर पाहिले की सारे कळते : टोकाचे झाकण गोल कापून उघडले असेल तर राणी सुखरूप बाहेर आली, बाजूला भोक असेल तर माश्यांनी ते फाडून तिला आतच मारले. नुकतीच जन्मलेली कुमारी राणीही पेटी भरतानाच, ओल्या माश्यांमध्ये सोडली तर स्वीकारली जाते. पण चार-पाच दिवसांची चपळ कुमारी राणी बसत्या वसाहतीत देणे मला भरवशाचे वाटत नाही.

यापुढचे काम आपल्या हातात फारसे नसते. जन्मानंतर साधारण आठवडाभरात, उबदार आणि शांत हवेच्या दुपारी राणी बाहेर उडते, अनेक नरांशी मीलन करते आणि मग दोन-तीन दिवसांत अंडी घालू लागते. नर अंड्यापासून चोवीस दिवसांनी बाहेर येतो आणि पक्व व्हायला त्याला आणखी सुमारे बारा दिवस लागतात. म्हणून चांगल्या वसाहतीत नरांची पिल्ले राणीच्या अंड्याच्या दोन आठवडे आधी तयार होऊ लागली पाहिजेत, आणि पहिल्यांदाच राण्या करणारे हेच विसरतात. आपल्याकडचा मोठा शत्रू वेडा राघू आणि कोतवाल. विजेच्या तारांवर त्यांची रांग असेल त्या शिवारात मीलनपेट्या ठेवू नयेत, कारण वसाहतीला पंधरा-वीस कामकरी माश्या गेल्याचे कळतही नाही, पण राणी एकच असते. पेट्या एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवाव्यात, म्हणजे परतणारी राणी शेजारच्या दारात शिरत नाही.

थर्माकोल थंडीत उत्तम, उन्हात मात्र दाट सावली हवीच. मुंग्या आणि मेणकिडा दोघेही ते पोखरतात, त्यामुळे स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे भाग आहे. माझ्या संचातली सरकती पट्टी सैल होती, ती चिकटपट्टीने आवळावी लागली. खाद्य म्हणून पातळ पाकापेक्षा पिठीसाखर आणि स्वतःच्याच पेट्यांतील मध मळून केलेला घट्ट गोळा बरा. पाक सांडला की लुटारू माश्या येतात आणि एवढीशी वसाहत तासाभरात संपते.

राणीने अंडी घातली म्हणून तिला लगेच उचलू नये. झाकलेल्या पिल्लांवरची टोपणे सपाट दिसली की ती कामकरी माश्यांची पिल्ले. सगळीच घुमटासारखी फुगीर असतील तर मीलन फसले आहे. तोवर राणीला राहू दिल्याने मागे पिल्ले उरतात आणि तीच पुढच्या राणीच्या खेपेला माश्यांना पेटीत धरून ठेवतात. राणी काढल्यावर पुढचे राणीघर त्याच दिवशी द्यायचे असेल, तर त्याच्या बाजू फॉइलने झाकून टोक तेवढे उघडे ठेवावे. सातेरी या आपल्या देशी माश्यांसाठी मात्र ही पेटी मी सुचवणार नाही : त्या मुळातच लवकर घर सोडून जातात, त्यामुळे त्यांना पिल्लांची पूर्ण चौकट असलेले लाकडी न्यूक्लिअसच द्यावे.