जपानी पुन्हा शिकायचीय: ॲप बरं की वही?

पुण्यात नोकरीला असताना २००५ च्या डिसेंबरात मी जपानीची चौथ्या लेव्हलची, म्हणजे तेव्हाची सगळ्यात खालची, परीक्षा दिली होती. मग वरुडकडे गावी परतलो, संत्र्याच्या बागेत गुंतलो आणि भाषा सुटली ती सुटलीच. आता पुन्हा हात घातला, तर परीक्षाच बदललेली. २०१० पासून चाराच्या पाच पातळ्या झाल्या, सगळ्यात खालची आता एन-५.

संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग मी आधीच सोडला. आंबिया बहराचा ताण तोडला, म्हणजे संत्र्याच्या झाडांचं रोखलेलं पाणी पुन्हा सुरू केलं, की ओलीत विजेच्या लाईनच्या वेळेवर चालतं, गुरुजींच्या नाही. राहिलं मोबाईलवरचं ॲप आणि जुन्या पुस्तकासोबतची वही. दोन्ही सहा-सहा महिने करून पाहिलं.

ऐकण्यासाठी ॲपला तोड नाही. आपल्या गावात जपानी कानावर पडणार कुठून? आणि एन-५ पास व्हायला १८० पैकी ८० मिळाले तरी ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ वेगळे लागतातच. अक्षरं गिरवायलाही ते चांगलं.

माझं मन उडालं ते एका बारीक गोष्टीवरून. 'इनु गा इमास' असं वाक्य आलं. कुत्रं आहे. अर्थ लगेच कळला, पण उत्तर इंग्रजीतच लिहायचं होतं. मी लिहिलं 'देअर इज डॉग', तर लाल फुली. का, तर मधला 'अ' राहिला. तो 'अ' जपानीत नाही, मराठीतही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी 'द' राहिला. मी जपानी शिकायला बसलो होतो आणि माझं इंग्रजी तपासलं जात होतं.

वहीत मी सरळ मराठी लिहितो. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमास', खाली 'मी पाणी पितो'. शब्द जागच्या जागी बसतात, क्रियापद शेवटीच. इंग्रजीतून गेलं की ते मधे ओढावं लागतं आणि मग पुन्हा मागे न्यावं लागतं. जपानी अक्षरांचा क्रमही आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला आहे: अ इ उ ए ओ, मग का सा ता ना. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. 'युकि' म्हणजे बर्फ, 'यूकि' म्हणजे हिंमत. देवनागरीत लिहिलं की डोळ्यालाच फरक दिसतो.

कुणाचं इंग्रजी पक्कं असेल तर त्याला ॲप पुरेल कदाचित, मी नाही म्हणणार नाही. पण ज्यांचा विचार मराठीतच चालतो त्यांनी निदान पहिले तीन महिने वही धरून पाहावी, आणि ॲप फक्त ऐकण्यापुरतं ठेवावं. माझी वही विहिरीवरच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीवर असते. मोटर सुरू केली की एक वाफा भरेपर्यंत एक पान होतं.